सवलत रिटर्नमध्ये नको, दस्ताच्या टेबलावर द्या

गेल्या महिन्यात नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत काम करणारा मुलगा बायकोला घेऊन माझ्याकडे आला, हातात फॉर्म १६ (पगार आणि टॅक्सचा कंपनीने दिलेला दाखला) आणि बँकेचं लोन मंजुरीचं सँक्शन लेटर. मी सातपूरला बरीच वर्षं लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देतो, येणारे बहुतेक सातपूर-अंबडचे ऑपरेटर, सुपरवायझर, शिक्षक, हॉस्पिटलमधल्या सिस्टर, थोडे दुकानदार. त्याने बसता बसता विचारलं, "दादा, आडगावला फ्लॅट बुक केलाय, आमचं पहिलंच घर, टॅक्समध्ये किती सुटतील? बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं साडेतीन लाखापर्यंत सूट आहे." पगार वर्षाला साडेसहा लाख. मी म्हटलं अरे तुझा टॅक्स आत्ताच शून्य आहे, शून्यातून काय वजा करणार? त्याला वाटलं मी काहीतरी विसरतोय. बायको म्हणाली, "पण पहिल्या घराला सरकार मदत करतं ना?" आणि याचं नीट उत्तर द्यायला मला जवळजवळ अर्धा तास लागला, कारण उत्तर "करतं पण तुम्हाला नाही" असं आहे, आणि ते का असं आहे हे सांगताना माझंच डोकं तापलं. तेच इथे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिलं घर घेणाऱ्याला खरंच हात द्यायचा असेल तर ती सवलत इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये देऊन उपयोग नाही, ती सब रजिस्ट्रारच्या ऑफिसात घराच्या खरेदीचा दस्त होतो तिथे, त्याच दिवशी, पैशात दिसली पाहिजे. बाकी सगळं बोलायला बरं वाटतं.

आधी हे साडेतीन लाख कुठून आले ते बघू. इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम २४(ब) खाली राहत्या घराच्या लोनच्या व्याजावर वर्षाला २ लाखापर्यंत वजावट होती, ही मर्यादा आधी दीड लाख होती, २०१४ च्या बजेटमध्ये अरुण जेटलींनी २ लाख केली. मुद्दल ८०सी मध्ये, तिथे पीएफ, एलआयसी, पोरांची फी सगळं मिळून दीड लाख. मग पहिल्या घरासाठी खास म्हणून २०१३ ला चिदंबरम साहेबांनी ८०ईई आणलं, एका वर्षाच्या लोनपुरतं, १ लाख जास्तीचे. ते गेलं. २०१६ ला तेच परत आलं, ५० हजार जास्तीचे, लोन ३५ लाखापर्यंत, घर ५० लाखापर्यंत, परत एकाच वर्षातल्या सँक्शनला. मग २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी ८०ईईए आणलं, दीड लाख जास्तीचे, घराची स्टॅम्प ड्युटी व्हॅल्यू, म्हणजे सरकारी दराने होणारी किंमत, ४५ लाखाच्या आत पाहिजे, आणि सँक्शनची मुदत दोनदा वाढवून ३१ मार्च २०२२ ला बंद. २ आणि दीड, झाले साडेतीन. म्हणजे बिल्डरच्या ऑफिसातला माणूस पूर्ण खोटं बोलत नव्हता, तो २०२२ मध्ये बंद झालेली गोष्ट आज सांगत होता. मार्च २०२२ ला सँक्शन झालेल्याला मिळतं, त्याच बिल्डिंगमध्ये एप्रिलला सँक्शन झालेल्याला नाही, दोघांचा पगार सारखा, फ्लॅट सारखा, माझ्याकडे असे शेजारी शेजारी राहणारे दोघे आहेत आणि दरवर्षी जुलैमध्ये दुसरा मला तोच प्रश्न विचारतो.

आणि ते दीड लाख तरी कितीजणांना पूर्ण मिळाले? हिशोब करून बघा. ४५ लाखाचं घर, त्यावर ८० टक्के म्हणजे ३६ लाखाचं लोन. तेव्हा व्याजदर ७ टक्क्याच्या आसपास आलेले, म्हणजे पहिल्या वर्षाचं व्याज अडीच लाख. २ लाख गेले २४(ब) मध्ये, उरले ५० हजार, तेवढेच ८०ईईए मध्ये. दीड लाख पूर्ण वापरायचे तर व्याज साडेतीन लाख पाहिजे, त्यासाठी त्या दराला लोन ५० लाख पाहिजे, आणि घर तर ४५ च्या आतलं पाहिजे. आकडा मोठा, हातात येणारं छोटं. रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा, बरंच जास्त किमतीने घर घेतलं आणि लोनही तसंच मोठं काढलं तरच थोडं जास्त बसायचं.

यापेक्षा मोठा दोष वजावटीच्या मुळातच आहे. वजावट म्हणजे सरकार पैसे देत नाही, तुमच्या उत्पन्नातून रक्कम वगळतं, त्यामुळे जितका मोठा स्लॅब तितका मोठा फायदा. जुन्या पद्धतीत ३० टक्क्याच्या स्लॅबवाल्याला २ लाख व्याजावर सेससकट ६२,४०० रुपये वाचायचे. २० टक्केवाल्याला ४१,६००. ५ टक्केवाल्याला कागदावर १०,४००, आणि २०१९ पासून ५ लाखापर्यंतच्या उत्पन्नाला टॅक्स माफ करणारी रिबेट आल्यावर बऱ्याचजणांना तेही नाही. म्हणजे घर घेणं ज्याला सगळ्यात जड जातं त्याला सगळ्यात कमी, आणि ज्याने असंही घेतलंच असतं त्याला सगळ्यात जास्त. गरिबाला मदत करायची योजना म्हणून कोणी हे आखलं असेल असं मला वाटत नाही, पण दरवर्षी टीव्हीवर सांगताना मात्र "मध्यमवर्गाच्या घराचं स्वप्न" म्हणूनच सांगितलं गेलं.

आता नवीन टॅक्स रिजिम, म्हणजे टॅक्स मोजायची नवीन पद्धत आली, २०२३-२४ पासून तीच डिफॉल्ट आहे. २०२५ च्या बजेटनंतर नोकरदाराला पावणेतेरा लाखापर्यंत टॅक्स नाही. हे चांगलंच झालं, माझ्या जवळजवळ सगळ्या क्लायंटचा टॅक्स शून्य झाला, मला आनंदच आहे. पण नवीन रिजिममध्ये राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही, ८०सी पण नाही. आणि इथे एक गोष्ट आहे जी लोकांना सांगितली की त्यांना पटतच नाही, नवीन रिजिममध्ये तुम्ही लोन काढून घेतलेल्या घरात स्वतः राहिलात तर व्याजाला शून्य वजावट, पण तेच घर भाड्याने दिलं तर त्या भाड्यातून व्याज वजा करता येतं. म्हणजे कॉलेज रोडला स्वतःचं घर असलेला माणूस पाथर्डी फाट्याला दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने देतो, त्याला व्याजाची वजावट. आणि त्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारा शेवटी कसंबसं आपलं पहिलं घर घेतो, त्याला नाही. मला माहितीये की यामागे टॅक्सचं लॉजिक आहे, भाडं उत्पन्नात धरतात म्हणून त्याचा खर्च वजा. लॉजिक बरोबर असेल, पण धोरण म्हणून याचा अर्थ काय होतो ते पण बघा ना.

आणि अजून वर जा. मखमलाबाद किंवा गंगापूर रोडच्या बाजूला कोणाची जमीन विकली गेली, कोटी दोन कोटी आले, त्यातून घर घेतलं तर कलम ५४एफ मध्ये कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरचा टॅक्स माफ, मर्यादा किती, तर १० कोटी. आधीचं एक घर असलं तरी चालतं. ही मर्यादा सुद्धा २०२३ च्या बजेटमध्ये आली, त्याआधी तीही नव्हती. मी अशा लोकांचेही रिटर्न भरले आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, कायदा आहे, त्यांनी वापरला. पण एकाला दुसऱ्या घरासाठी १० कोटीपर्यंत माफी आणि दुसऱ्याला पहिल्या घरासाठी "योजनेची मुदत संपली", हे एकाच कायद्याच्या पुस्तकात आहे.

आता त्या मुलाकडे परत येतो. फ्लॅट ३८ लाखाचा. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखाच्या वर लोन असेल तर घराच्या किमतीच्या ८० टक्क्यापर्यंतच देता येतं, ३० पर्यंतच्या लोनला ९० टक्के. त्यामुळे त्याला मिळालं ३० लाख. वरचे ८ लाख स्वतःचे. स्टॅम्प ड्युटी ५ टक्के आणि वर महापालिका हद्दीचा १ टक्का, म्हणजे २ लाख २८ हजार. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, ते ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी १ टक्का, ३८ हजार. झाले जवळजवळ ३ लाख. आणि यातली मेख अशी की बँक लोन मोजताना स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन घराच्या किमतीत धरतच नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम, फक्त १० लाखाच्या आतल्या घराला अपवाद आहे, आणि नाशिकमध्ये १० लाखात फ्लॅट दाखवा मला. म्हणजे हे ३ लाख लोनमधून नाही, रोख पाहिजेत. ८ आणि ३, अकरा लाख, मीटर, सोसायटी डिपॉझिट, वकील हे वेगळंच. साडेसहा लाख पगारवाल्याने दीड-दोन वर्षांचा सगळा पगार जेवणखाण न करता बाजूला ठेवला तर जमतील इतके.

८ लाख त्याने जमवले होते, पीएफमधून काढले, वडिलांनी गावचं काही विकलं, भिशी लागली. अडलं होतं ते या ३ लाखावर. शेवटी आईच्या पाटल्या आणि बायकोचं गंठण बँकेत ठेवून गोल्ड लोन. हप्ता घराचा २६ हजार आणि सोन्याचं वेगळं. आता मला सांगा या माणसाला पुढच्या वीस वर्षात रिटर्नमधून दरवर्षी काही हजार वाचवून द्यायचं स्वप्न दाखवून काय उपयोग, त्याला मदत पाहिजे त्या एका दिवशी, ज्या दिवशी स्टॅम्प ड्युटीचं चलन भरायचंय. एकदा घरात शिरला की माणूस हप्ता भरतो, पोटाला चिमटा काढून भरतो, मी बघतो ना. उंबरठाच उंच आहे, आत गेल्यावरची पायरी नाही.

आणि बघा तो उंबरठा कोणी बांधलाय. स्टॅम्प ड्युटी सरकारच घेतं. राज्य सरकार उंबरठा उंच करतं, केंद्र सरकार म्हणतं आम्ही टॅक्समध्ये मदत करतो, आणि मधला माणूस दोघांचे आभार मानत गंठण गहाण ठेवतो. जुलै २०२४ च्या बजेट भाषणात अर्थमंत्र्यांनी राज्यांना सुचवलं होतं की जिथे स्टॅम्प ड्युटी जास्त आहे तिथे ती कमी करा, महिलांसाठी अजून कमी करा. चांगलं सुचवलं. पुढे आपल्याकडे १ एप्रिल २०२५ पासून रेडी रेकनर वाढला, नाशिक महापालिका हद्दीत सरासरी ७.३१ टक्के, राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. दर तोच पण ज्यावर दर लागतो ती रक्कम वाढली की ड्युटी वाढतेच.

कोणी म्हणेल स्टॅम्प ड्युटी कमी करून काय होतं. महाराष्ट्राने करून बघितलंय. कोविडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ३ टक्के कमी आणि मग मार्च २०२१ पर्यंत २ टक्के कमी. त्या डिसेंबरमध्ये आणि मार्चमध्ये नोंदणी ऑफिसात काय गर्दी होती ते आठवा, चलन ३१ डिसेंबरच्या आत भरलं तर दस्त पुढच्या चार महिन्यात चालेल असं सरकारला सांगावं लागलं. लोकांना रिटर्नमधली सूट कळायला माझ्यासारखा माणूस लागतो, चलनावरची सूट लगेच कळते. पण त्या सवलतीत चूक अशी होती की ती सगळ्यांना होती. पहिलं घर, पाचवं घर, मुंबईतला कोटींचा फ्लॅट, सगळ्यांना सारखी टक्केवारी, म्हणजे परत जास्त किमतीच्या घराला जास्त रुपये. आणि मुदत संपायच्या भीतीने लोकांनी घाईत बुकिंग केलं, त्यातल्या काहींचं पझेशन, म्हणजे घराचा ताबा, किती लांबलं ते माझ्या फाइलींमध्ये आहे.

पझेशनवरून आठवलं, हेही लिहूनच टाकतो. जुन्या रिजिममध्ये बांधकाम चालू असताना भरलेलं व्याज त्या वर्षी वजा होतच नाही, पझेशननंतर पाच हप्त्यात मिळतं. आणि लोन घेतलेल्या वर्षाच्या शेवटापासून ५ वर्षात बांधकाम पूर्ण नाही झालं तर २ लाखाची मर्यादा ३० हजारावर येते. बिल्डर लेट, शिक्षा ग्राहकाला. इकडे भाडं चालू, तिकडे प्री-ईएमआय (ताब्याआधी भरायचं नुसतं व्याज) चालू, आणि कायदा म्हणतो आधी घर ताब्यात घ्या मग बोलू. नवीन घरासाठी सवलत म्हणायची आणि नवीन घरात जी सगळ्यात मोठी जोखीम असते ती पूर्ण घेणाऱ्यावर टाकायची.

महिलांची सवलत चांगली आहे, १ एप्रिल २०२१ पासून फक्त महिलेच्या नावावर घर घेतलं तर १ टक्का कमी. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. आमच्याकडच्या लोकांना दोघांच्या नावावर पाहिजे असतं, आणि खरं तर तेच जास्त बरोबर आहे. आणि इथे पहिल्या घराची अट नाही. ज्याची चार घरं आहेत तो पाचवं बायकोच्या नावावर घेतो, त्यालाही १ टक्का. ४० लाखावर ४० हजार, २ कोटीवर २ लाख. परत तेच उलटं गणित.

जीएसटीचं वेगळंच आहे. १ एप्रिल २०१९ पासून ४५ लाखापर्यंतच्या परवडणाऱ्या घराला १ टक्का आणि त्याच्या वर ५ टक्के. नाशिक मेट्रो शहरांच्या यादीत नाही म्हणून आपल्याकडे ९० चौरस मीटर कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, चालतं, म्हणजे साधारण ९६८ फूट, हे आपल्या फायद्याचं. पण ४५ लाख ही रेषा २०१९ मध्ये जिथे होती तिथेच ठेवली. सिमेंट, स्टील, मजुरी, जमीन सगळं पुढे गेलं. आणि या ४५ लाखात पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, क्लब हाऊस सगळं धरायचं असतं. ४५ लाखावर जीएसटी ४५ हजार, ४६ लाखावर २ लाख ३० हजार. एका लाखाच्या फरकाने पावणेदोन लाखाच्या वर टॅक्स जास्त. मग काही ठिकाणी पार्किंगचे पैसे "वेगळे" द्यायला सांगतात, कसे ते सगळ्यांना माहिती आहे. सरकारच अशी रेषा आखतं की लोकांनी खोटं बोलावं, आणि हे मला मनापासून खटकतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा व्यवहार करणारा साधा माणूस त्यात ओढला जातो.

योग्य दिशेने झालेलं एक काम सांगतो. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०, सप्टेंबर २०२४ पासून. यात ९ लाखापर्यंत उत्पन्न, देशात कुठेही पक्कं घर नको, लोन २५ लाखापर्यंत, घर ३५ लाखापर्यंत, पहिल्या ८ लाखाच्या लोनवर ४ टक्के व्याज सबसिडी, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यात. टॅक्स भरता की नाही याच्याशी संबंध नाही, रिसेलचं घरही चालतं. तत्त्व एकदम बरोबर. आधीच्या योजनेत, जी मध्यमवर्गासाठी मार्च २०२१ ला आणि बाकीच्यांसाठी मार्च २०२२ ला संपली, २ लाख ६७ हजारापर्यंत मिळायचे आणि तेही एकदम लोन खात्यात जमा. माझ्या बऱ्याच क्लायंटना मिळाले, त्यांचा हप्ता खरंच कमी झाला. आता रक्कम कमी, हप्त्याहप्त्याने, आणि माझ्या त्या अंबडच्या मुलाला तर नाहीच, कारण घर ३८ लाखाचं आणि लोनही २५ च्या वर. किमतीत ३ लाखाने बाहेर. त्याने ३५ च्या आत शोधलं नाही का? शोधलं, दीड वर्ष शोधलं, कामावरून सुटल्यावर गाडीवर बायकोला घेऊन म्हसरूळ, चेहेडी, पाथर्डी सगळीकडे फिरला. नवीन २ बीएचके नाही मिळालं.

आता यावर जो सगळ्यात दमदार आक्षेप आहे तो मी टाळत नाही. सवलत दिली की बिल्डर भाव वाढवतो, पैसे शेवटी त्याच्याच खिशात. खरं आहे, होतं असं. ब्रिटनमध्ये २०१३ पासून हेल्प टू बाय नावाची योजना होती, फक्त नवीन घरांसाठी, सरकार किमतीच्या २० टक्क्यापर्यंत कर्ज द्यायचं, लंडनमध्ये २०१६ पासून ४० टक्क्यापर्यंत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी बघितलं तर लंडनसारख्या जागेची टंचाई असलेल्या ठिकाणी भाव वाढले, बांधकाम वाढलं नाही, आणि वेल्सच्या सीमेवर जिथे जागा होती तिथे घरं जास्त बांधली गेली, भाव तसे वाढले नाहीत. अमेरिकेत २००९ मध्ये पहिलं घर घेणाऱ्याला ८,००० डॉलरचं टॅक्स क्रेडिट होतं, आणि ते रिफंडेबल होतं, म्हणजे टॅक्स शून्य असला तरी पैसे हातात, हे आपल्या वजावटीपेक्षा शंभर पटीने बरं. पण एप्रिल २०१० ला मुदत संपली आणि उन्हाळ्यात विक्री धाडकन पडली. म्हणजे मुदतीच्या सवलतीने लोक घाई करतात, आणि जागा अडवलेली असेल तर भाव वाढतात. दोन्ही धडे आपल्याला लागू आहेत.

मग नाशिकमध्ये जागा अडलीये का? नकाशा बघितला तर नाही, नाशिक काही मुंबईसारखं समुद्रात घुसलेलं नाही, आडगाव, मखमलाबाद, पाथर्डी, सगळीकडे द्राक्षबागा आणि मोकळे प्लॉट दिसतात. पण २०२७ चा सिंहस्थ, रिंग रोड, समृद्धी यांची नावं घेत भाव आधीच वर नेऊन ठेवलेत आणि जमीन घेऊन धरून ठेवणारे खूप. पाणी, रस्ता, ड्रेनेज आलं की मगच तिथे घर बांधता येतं, आणि ते आणणं महापालिकेचं काम. आणि कायद्याने जी स्वस्त घरं यायला हवी होती त्यांचं काय झालं? १० लाखाच्या वर लोकसंख्येच्या शहरात ४ हजार चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पात २० टक्के प्लॉट किंवा घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची आणि म्हाडाच्या लॉटरीतून द्यायची असा नियम आहे. नाशिकमध्ये ती घरं म्हाडाकडे आलीच नाहीत म्हणून २०२२ मध्ये विधिमंडळात केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. ती घरं वेळेत आली असती तर माझा तो क्लायंट दीड वर्ष गाडीवर फिरला नसता.

आणि याच शहरात सरकारने एकदा हे करून दाखवलंय. आपलं सिडको. सातपूर-अंबडला कारखाने आले तेव्हा सिडकोने सहा योजनांमध्ये हजारो छोटी घरं बांधली, कामगाराच्या खिशाला झेपतील अशा आकाराची. माझ्या कितीतरी क्लायंटचे वडील तिथे एका खोलीत आले, नंतर वर मजला चढवला, पोरं तिथे शिकली, आज तीच पोरं मॅनेजर आहेत. सिडकोवर टीका करण्यासारखं खूप आहे, लीज, वाढीव बांधकाम, अरुंद रस्ते. पण पहिल्या घराला मदत म्हणजे काय याचं नाशिककरांनी डोळ्यांनी बघितलेलं उत्तर तेच आहे. त्या पिढीला टॅक्सची वजावट माहितीही नव्हती.

म्हणून सवलत आणि घरं दोन्ही बरोबर पाहिजेत, आणि सवलत नवीन घरापुरती बांधून ठेवायचीही गरज नाही. सिडकोतली रो हाऊस, इंदिरानगरचे जुने तीन मजली फ्लॅट, नाशिकरोडला जेल रोडच्या बाजूच्या सोसायट्या, तिथे आजही कमी किमतीत घर मिळतं, जीएसटी नाही, पझेशनची भीती नाही, शाळा-बाजार जवळ. पहिलं घर घेणारा तिथे गेला तर सरकारला वाईट का वाटावं? सवलत फक्त नवीनला दिली की ती बिल्डरच्या भावात मिसळणं सोपं जातं. जुन्या-नव्या दोन्हीला दिली की घेणाऱ्याला बोलायला जागा राहते, "नाही तर मी सिडकोत घेतो" असं म्हणता येतं.

माझ्या डोक्यात आहे ते असं. पहिलं घर, किंमत ५० लाखाच्या आत, नवीन असो जुनं असो, पहिल्या ३५ लाखावर स्टॅम्प ड्युटी शून्य, नवरा-बायको दोघांच्या नावावर असलं तरी. मुदत नको, कायमचं, म्हणजे घाई नाही. मर्यादा दरवर्षी रेडी रेकनरबरोबर आपोआप सरकली पाहिजे, नाहीतर परत ४५ लाखासारखी अडकून बसेल. पाच वर्षात विकलं तर माफ केलेली ड्युटी परत. त्या मुलाचे २ लाख २८ हजारातले २ लाख १० हजार वाचले असते, गंठण घरात राहिलं असतं. हे काही आकाशातलं नाही, ब्रिटनमध्ये २०१७ पासून पहिलं घर घेणाऱ्याला एका किमतीपर्यंत स्टॅम्प ड्युटी नाहीच.

पैसे कुठून आणायचे? राज्याला स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीतून वर्षाला ५० हजार कोटींच्या वर मिळतात, खूप मोठं उत्पन्न आहे, त्यावर शाळा-दवाखाने चालतात हे मला कळतं. म्हणून सरसकट कपात मागतच नाहीये. तिसऱ्या-चौथ्या घरावर १ टक्का वाढवा, आणि महिलांच्या सवलतीला पहिल्या घराची अट लावून ती मोठी करा. केंद्राने जुन्या रिजिमची वजावट जशी संपत चाललीये तशी संपू द्यावी, पण त्यातून वाचलेले पैसे आवास योजनेत टाकून ३५ लाखाची मर्यादा निदान ४५ करावी.

पहिलं घर आहे हे ओळखायचं कसं, असं अधिकारी लोक विचारतात. दस्तात पॅन असतो, आधारवर ओळख पटवतात, बिल्डरकडून पहिली विक्री असेल तर ई-रजिस्ट्रेशन सुद्धा होतं, आणि जुने दस्त इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणी खात्याच्या सूचीत, शोधता येतात. घेणाऱ्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या, नंतर खोटं निघालं तर ड्युटी वसूल करा आणि महिना २ टक्के दंड लावा, तो दंड तर स्टॅम्पच्या कायद्यात आधीपासूनच आहे. आवास योजनेत पक्कं घर नसल्याचं तपासतातच की.

त्या दोघांचा दस्त पुढच्या आठवड्यात आहे. मी जुन्या आणि नवीन दोन्ही रिजिमचा हिशोब काढून दिला, दोन्हीकडे शून्य. बायकोने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं की गोल्ड लोन आधी फेडायचं की घराच्या लोनमध्ये जास्तीचे भरायचे. मी म्हटलं सोन्याचं आधी.